अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक पळणारा हवाच का?

कोलंबसकर

ऑगस्ट लागला की आमच्या कोलंबसमध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या क्वार्टरबॅकशिवाय (क्यूबी, म्हणजे बॉल हातात घेऊन चाल ठरवणारा खेळाडू) दुसरा विषय नसतो, आणि इथली मराठी मंडळीही त्याला अपवाद नाहीत. दरवर्षी तोच वाद: कॉलेजच्या ऑफेन्सला (चढाई करणाऱ्या बाजूला) पळता क्यूबी लागतोच, नुसता पॉकेटमध्ये (लाइनमननी त्याच्याभोवती केलेल्या कड्यात) उभा राहून पास टाकणारा आता चालत नाही. मला हे अर्धंच खरं वाटतं, म्हणून हा धागा.

विजेत्यांकडे बघा. २००५ च्या हंगामात टेक्सासचा विन्स यंग, २०१० ला ऑबर्नचा कॅम न्यूटन, २०१६ ला क्लेम्सनचा डेशॉन वॉटसन. तिघेही पळणारे, तिघेही राष्ट्रीय विजेते. पण मग २०१९ ला एलएसयूचा जो बरो आला. ६० टचडाउन पास (टचडाउन म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोल रेषेपार नेणं), १५ पैकी १५ सामने खिशात. पुढच्याच वर्षी अलाबामाचा मॅक जोन्स: ७७ टक्क्यांहून जास्त पास पूर्ण, १३-०, आणि फायनलमध्ये आमचाच ५२-२४ असा फडशा. जोन्सला पळणारा कुणीही म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की क्यूबीने हंगामात किती यार्ड पळून काढले हा आकडा फसवा असतो. स्नॅपच्या आधी (बॉल खेळात येण्याआधी) डिफेन्सला (बचावाच्या बाजूला) त्याच्या पायांचा हिशोब करावा लागतो का, ते बघायचं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या घरचं आहे. सी. जे. स्ट्राउड दोन हंगाम क्यूबी होता आणि दोन्ही हंगाम गावात एकच तक्रार, की पोरगा समोर मोकळं रान असलं तरी पळत नाही. मग ३१ डिसेंबर २०२२ ला जॉर्जियाविरुद्ध पीच बोल (बोल म्हणजे हंगामाअखेरचा खास सामना). त्या रात्री पॉकेट फुटलं की तो सरळ बाहेर पडायचा, कधी पळायचा, कधी पळता पळता टाकायचा. ३४८ यार्ड, ४ टचडाउन. शेवटचं मिनिटही उरलं नव्हतं, आम्ही एका गुणाने मागे, आणि हा पठ्ठ्या २७ यार्ड पळून संघाला फील्ड गोलच्या टप्प्यात घेऊन गेला. ५० यार्डांची किक हुकली आणि ४२-४१ ने हरलो, ते वेगळं. पण जॉर्जियाच्या त्या डिफेन्सला इतकं हैराण झालेलं त्या हंगामात मी पाहिलं नव्हतं. हातात तीच ताकद होती, पायांची भर पडली आणि सगळं बदललं.

तुमची मतं लिहा. फक्त एनएफएलची (व्यावसायिक लीगची) उदाहरणं नकोत, तो खेळ वेगळा आहे.

नवखी

मी न्यू जर्सीत असते, मुलगी रटगर्सला गेल्यापासून मॅचेस बघायला लागले. एक मूलभूत शंका. क्यूबी पळाला काय किंवा त्याने रनिंग बॅककडे बॉल दिला काय, पळणारा माणूस शेवटी एकच ना? मग डिफेन्सला फरक का पडतो? आणि सगळे ‘झोन रीड’ म्हणतात ते नेमकं काय?

हुरॉनकाठ

@नवखी, मुळाशीच हात घातलात.

दोन्हीकडे ११-११ खेळाडू. क्यूबीने बॉल रनिंग बॅककडे दिला आणि स्वतः बघत उभा राहिला, की ऑफेन्सचा एक माणूस बाद. बॉल घेऊन जाणारा स्वतः कुणाला ब्लॉक करू (अंगाने अडवू) शकत नाही. उरले ९, आणि समोर ११. त्यातला एखादा सेफ्टी खोल पासच्या भीतीने मागे थांबतो म्हणून गणित कसंबसं जुळतं.

झोन रीडमध्ये ऑफेन्स मुद्दाम एका डिफेन्सिव्ह एंडला (लाइनच्या टोकाच्या बचावपटूला) ब्लॉकच करत नाही. त्याला मोकळा सोडतात. क्यूबी बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो आणि त्या एंडच्या खांद्यांकडे बघतो. एंड रनिंग बॅकच्या मागे आत वळला, तर क्यूबी बॉल काढून घेऊन त्याच्या पाठीमागून बाहेर सुटतो. एंड जागेवर थांबला, तर बॉल रनिंग बॅकला. म्हणजे ज्याला कुणी हातही लावला नाही, तो डिफेंडर दोन्हीकडून चुकीचा ठरतो. शिवाय त्याला ब्लॉक करणारा लाइनमन मोकळा झाला, तो पुढे जाऊन लाइनबॅकरला (लाइनमागच्या बचावपटूला) अडवतो.

पण हे सगळं कधी चालतं? क्यूबी बॉल ठेवून पळेल असं त्या एंडला खरंच वाटलं तर. मंद क्यूबी असला की एंड डोळे मिटून रनिंग बॅकवर झेपावतो, कारण क्यूबी पळाला तरी चारच यार्ड जाणार हे त्याला ठाऊक असतं.

रिच रॉड्रिग्ज यांनी ही गोष्ट १९९० च्या दशकात ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात आकाराला आणली, पुढे वेस्ट व्हर्जिनियात पॅट व्हाइटला घेऊन तिचं सोनं केलं, आणि मग ते आमच्याकडे ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत, आले. इथे त्यांना डेनर्ड रॉबिन्सन मिळाला. २०१० च्या नोत्र दामविरुद्धच्या मॅचमध्ये त्याने पळून २५८ आणि पासने २४४ यार्ड काढले. एकटा माणूस, ५०२ यार्ड! त्या हंगामात त्याचे पळून १७०२ यार्ड झाले. बुटाच्या नाड्या न बांधता खेळणारा तो मुलगा मोकळ्या मैदानात सुटला की स्टेडियममधली लाखभर माणसं एकदम उभी राहायची.

आणि संघाचा हिशोब? ७ विजय, ६ पराभव. शेवटच्या बोल सामन्यात मिसिसिपी स्टेटने ५२-१४ ने लोळवलं, रॉड्रिग्ज यांची नोकरी गेली. आमचा डिफेन्स इतका फाटका होता की क्यूबीने काय काय करावं? म्हणून ‘पळता क्यूबी आला की प्रश्न सुटला’ हे ऐकलं की मला तो हंगाम आठवतो आणि वाईट वाटतं.

लाँगहॉर्न_सातारा

हुरॉनकाठताई, झोन रीड छान समजावलंत. पण निष्कर्ष पटला नाही. डिफेन्स फाटका असेल तर दोष क्यूबीच्या पायांचा कसा?

४ जानेवारी २००६, रोझ बोल. समोर यूएससी, सलग ३४ सामने जिंकून आलेली. सात मिनिटंही उरली नव्हती आणि आम्ही १२ गुणांनी मागे. शेवटी चौथा डाउन (शेवटची संधी, नाहीतर बॉल समोरच्यांकडे), ५ यार्ड हवेत, १९ सेकंद शिल्लक. विन्स यंगने पासचा पर्याय बघितला, कुणी मोकळं नाही, आणि तो उजव्या कोपऱ्याकडे निघाला. कुणाचा हातही लागला नाही. ४१-३८. त्या रात्री त्याचे पळून २०० आणि पासने २६७ यार्ड.

त्या जागी मॅक जोन्स असता तर? कुणी मोकळं नाही म्हणजे बॉल हवेत भिरकावणं किंवा सॅक (पास टाकण्याआधीच क्यूबीला मागे पाडणं). खेळ खलास. प्लेबुकमधलं सगळं संपतं तेव्हा क्यूबीकडे काय उरतं, हा माझ्या मते खरा निकष.

(त्याच्या आदल्याच वर्षीच्या रोझ बोलमध्ये यंग १९२ यार्ड आणि ४ टचडाउन पळाला होता, ३८-३७. समोर कोण होतं ते ॲन आर्बरकरांना सांगायला नको.)

शिवाय कोलंबसकर म्हणतात तसा हा खेळ एनएफएलपेक्षा वेगळा आहे, आणि तो नियमांतच वेगळा आहे. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, १६० फूट. पण कॉलेजात दोन हॅश मार्कमधलं (बॉल ज्यांच्या आत ठेवून खेळ सुरू होतो त्या खुणांमधलं) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात बॉल बऱ्याचदा एका कडेला ठेवला जातो आणि दुसऱ्या बाजूला अख्खं पटांगण रिकामं. पळत्या क्यूबीला त्या रुंद बाजूला काढलं की डिफेन्सची दमछाक होते. दुसरं, पास सुटण्याआधी लाइनमन कॉलेजात ३ यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे आरपीओ, म्हणजे स्नॅपनंतर पळायचं की पास टाकायचा हे ठरवायचं, कॉलेजात कितीतरी सोपं जातं. लाइनबॅकरला समोर लाइनमन चाल करून येताना दिसतो, तो धावायला पुढे सरसावतो, आणि बॉल नेमका त्याच्या डोक्यावरून जातो.

नियमच पायांना झुकतं माप देत असतील तर ते का सोडावं?

एअररेड_लबक

लबकमधून दुसरी बाजू मांडतो, कारण आमच्या टेक्सास टेकचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक लीच यांनी अख्खी कारकीर्द पळत्या क्यूबीशिवाय काढली.

त्यांचे लाइनमन एकमेकांपासून भरपूर अंतर ठेवून उभे राहायचे. त्यामुळे समोरचे एंड इतके लांब जायचे की क्यूबीपर्यंत पोचायलाच वेळ लागायचा. चार-पाच रिसीव्हर मैदानभर पसरलेले, बॉल दोन-अडीच सेकंदांत हातातून बाहेर. चार यार्डांचा झटपट पास म्हणजेच आमची रन. २००८ ला ग्रॅहम हॅरेल क्यूबी, मायकेल क्रॅबट्री रिसीव्हर, ११-२. टेक्सास तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं. एक सेकंद उरला असताना क्रॅबट्रीने कडेला तो कॅच घेतला आणि आम्ही ३९-३३ ने जिंकलो. @लाँगहॉर्न_सातारा, तुम्हालाही ती रात्र आठवत असेल. हॅरेलला त्या रात्री पाय फक्त उभं राहायला लागले.

लबकसारख्या गावात हे फार मोलाचं होतं. टेक्सास, ओक्लाहोमा यांनी निवडून उरलेल्या पोरांतून संघ बांधायचा. पळून पण जाईल आणि पासही अचूक टाकेल असा मुलगा आमच्याकडे कशाला येईल? नेमका पास टाकणारा, स्काउटांच्या नजरेतून सुटलेला मुलगा मात्र मिळतो. लीच यांनी पुढे वॉशिंग्टन स्टेटला गार्डनर मिनशूला घेऊन २०१८ मध्ये पुन्हा ११-२ केलं.

कोलंबसकर

लीच यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्याच २००८ च्या हंगामात पुढे काय झालं तेही बघू. ओक्लाहोमाने तुम्हाला ६५-२१ ने हरवलं. त्यांचा क्यूबी सॅम ब्रॅडफर्ड, तोही पॉकेटवालाच. ५० टचडाउन पास, संघाचे ७१६ गुण, हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची). आणि फायनलमध्ये हा इतका भरधाव ऑफेन्स फ्लोरिडासमोर १४ वर अडकला. पलीकडे टिम टीबो: पासने २३१, पळून १०९. फ्लोरिडा २४-१४.

ब्रॅडफर्ड त्या दिवशी वाईट खेळला नाही. पण रेड झोनमध्ये (गोल रेषेआधीच्या शेवटच्या २० यार्डांत) शिरल्यावर मैदानच आखूड होतं. खोल पासची भीती संपते, मागचा सेफ्टी पुढे येतो, आणि हुरॉनकाठ यांनी सांगितलेलं ११ विरुद्ध ९ चं गणित सगळ्यात जास्त तिथे बोचतं. पाच यार्डांच्या आत टीबोसारखा धिप्पाड माणूस स्वतः बॉल घेऊन घुसतो तेव्हा ऑफेन्सला एक ब्लॉकर फुकट मिळतो. २००७ ला त्याने पळून २३ आणि पासने ३२ टचडाउन केले ते उगाच नाही.

टस्कलूसा_पुणे

पॉकेट की पळणं, या वादाचं उत्तर अलाबामाने एकाच स्टेडियममध्ये, अकरा महिन्यांच्या अंतराने, दोन्ही बाजूंनी दिलंय.

८ जानेवारी २०१८, अटलांटा, राष्ट्रीय फायनल, समोर जॉर्जिया. आमचा क्यूबी जेलन हर्ट्स. पळायला उत्तम, आणि फायनलपर्यंत तोच घेऊन आला होता. पण पहिल्या हाफमध्ये ८ पैकी ३ पास पूर्ण, २१ यार्ड. जॉर्जियाने सरळ सांगितल्यासारखं केलं: पळ तू, आम्ही तुला तिथे अडवतो, पास टाकून दाखव. १३-० ने मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी हाफटाइमला त्याला बसवलं आणि तुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ओव्हरटाइम, आधी १६ यार्डांचा सॅक, मग सेकंड अँड ट्वेंटीसिक्स (दुसरा डाउन, २६ यार्ड हवेत), आणि डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास. २६-२३.

त्याच वर्षी १ डिसेंबर, तेच स्टेडियम, तीच जॉर्जिया, एसईसी (आमच्या विभागाच्या स्पर्धेची) फायनल. आता तुआ पहिला क्यूबी, पण घोटा दुखावला आणि चौथ्या क्वार्टरमध्ये बाहेर. आत आला तो आधी बसवलेला हर्ट्स. टचडाउन पास टाकून बरोबरी केली आणि जेमतेम मिनिट उरलं असताना १५ यार्ड पळून विजयी टचडाउन. ३५-२८. बाकावर वर्ष काढलेल्या त्या मुलाला सगळा संघ मिठ्या मारत होता तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

पण जानेवारीतला हर्ट्स आणि डिसेंबरमधला हर्ट्स यांत फरक होता. डिसेंबरमध्ये तो पास टाकू शकत होता, म्हणून त्याला पळायला जागा मिळाली. पाय तेच होते.

आणि कोलंबसकर, मॅक जोन्सचं उदाहरण देताना त्याच्याभोवती कोण होतं तेही सांगा. डेव्हॉन्टा स्मिथला त्या वर्षी हाइझमन मिळाली, नजी हॅरिसने २६ टचडाउन पळून काढले. त्या संघातले सहा जण पुढच्या ड्राफ्टच्या (एनएफएलच्या खेळाडू-निवडीच्या) पहिल्याच फेरीत गेले. असं बळ असेल तर क्यूबीने पळायची गरज काय? पण असं बळ दर दहा वर्षांत किती कॉलेजांकडे असतं?

कोलंबसकर

हा मुद्दा पूर्ण मान्य. पॉकेट क्यूबी ही श्रीमंत संघाला परवडणारी गोष्ट आहे. चांगली लाइन असेल तर पाय लागत नाहीत, आणि चांगली लाइन मिळणं हेच कॉलेजात सगळ्यात कठीण. पाचही लाइनमन तोलामोलाचे असलेले संघ हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यात नियमाने हंगामात आठवड्याला २० तासांचाच सराव. अभ्यासही करायचा असतो या मुलांना.

मोजदाद

एक आकडेवारीचा मुद्दा, जो इथे कुणी काढला नाही. कॉलेजात सॅकमध्ये गेलेले यार्ड क्यूबीच्या पळण्याच्या यार्डांतून वजा करतात. एनएफएलमध्ये ते संघाच्या पासच्या खात्यात जातात. म्हणजे कॉलेजात क्यूबी खरोखर ४० यार्ड पळाला आणि सॅकमध्ये ३० यार्ड मागे गेला, तर कागदावर दिसणार १०. स्ट्राउडच्या त्या पीच बोलमध्ये कागदावर ३४ यार्ड दिसतात ते म्हणूनच. ‘अमुक क्यूबी पळतच नाही, आकडे बघा’ असं कुणी म्हणालं तर आधी सॅक बाजूला काढा.

दुसरं, हाइझमन आणि विजेतेपद यांची गल्लत नको. २०१६ ला लुइव्हिलचा लमार जॅक्सन १५७१ यार्ड पळाला, हाइझमन मिळाली, संघ ९-४. २०२३ ला एलएसयूचा जेडन डॅनियल्स, पासने ३८१२ आणि पळून ११३४, हाइझमन, संघ १०-३. दोघांचा खेळ डोळ्यांचं पारणं फेडणारा, पण विजेतेपद कुणालाच नाही.

बे_एरिया_आजोबा

सगळे पळण्याचे फायदे सांगताय, दुखापतीचं काय?

जानेवारी २०१० ची फायनल. टेक्सासचा कोल्ट मकॉय पहिल्याच ड्राइव्हमध्ये (चढाईत) बॉल ठेवून पळाला, खांद्याला मार बसला, हाताची शक्तीच गेली. पुन्हा मैदानात आला नाही. टेक्सास २१-३७ ने हरलं. २०२३ ला फ्लोरिडा स्टेटचा जॉर्डन ट्रॅव्हिस पळतानाच पाय मोडून बसला. संघ १३-० राहिला तरी समितीने चार संघांच्या प्लेऑफमधून त्यांना वगळलं, क्यूबी नाही म्हणून. एका धावेची किंमत अख्ख्या संघाने मोजली. त्या मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

हे एकोणीस-वीस वर्षांचे विद्यार्थी आहेत. प्रशिक्षकाने त्यांना पंधरा-पंधरा वेळा लाइनबॅकरच्या अंगावर पाठवणं मला पटत नाही, जिंकले तरीही.

हुरॉनकाठ

आजोबा, काळजी रास्त आहे. पण पॉकेटमध्ये उभं राहणाराही सुरक्षित नसतो. मागून न दिसता येणारा फटका उलट जास्त वाईट. पळणारा निदान समोर बघत असतो आणि घसरून खाली बसू शकतो. ठरवून दिलेली धाव आणि संकटात निघालेली धाव यांतही फरक करायला हवा. पहिलीची संख्या प्रशिक्षकाच्या हातात असते, ती सामन्याला पाच-सहावर ठेवता येते.

कोलंबसकरांच्या गावचंच उदाहरण: २०१४ ला हंगामाआधी ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला, आमच्याविरुद्ध जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सने विस्कॉन्सिनला ५९-० आणि मग अलाबामा, ओरेगन यांना हरवून विजेतेपद आणलं. (लिहिताना बोटं जड होतायत, पण खरं ते खरं.) पळता क्यूबी ठेवायचा तर मागे दोन तयार हवेत.

नवखी

आता बरंच कळलं, सगळ्यांचे आभार. अजून एक विचारते. माझा भाचा टेक्सासमध्ये हायस्कूलला क्यूबी खेळतो. उंच आहे, हात चांगला आहे, पण पळण्यात मागे पडतो. त्याचे प्रशिक्षक म्हणतात, हल्ली कॉलेजवाले पाय बघतात. त्याने आशा सोडावी का?

हुरॉनकाठ

मुळीच नाही! आता यष्टिरक्षकाला फलंदाजी यावी लागते तसं क्यूबीला थोडं पळता यावं लागतं, पण म्हणून कुणी त्याच्याकडून शतकाची अपेक्षा धरत नाही. भाच्याला सांगा, ४० यार्ड किती सेकंदांत पळतोस याची चिंता कमी कर. पॉकेटमधली दोन पावलं शीक. एंड बाहेरून वळसा घालून आला की एक पाऊल पुढे, मधून दाब आला की अर्धं पाऊल बाजूला, आणि या सगळ्यात नजर मैदानावर, खाली पायांकडे नाही. बॉल दोन्ही हातांत, छातीशी. हे वेगाचं काम नाही, सवयीचं आहे, आणि घरामागच्या अंगणात चार खुर्च्या मांडूनही करता येतं.

जो बरो यातच सगळ्यांच्या पुढे होता. क्लेम्सनविरुद्धच्या फायनलमध्ये त्याला पाचदा सॅक केलं, तरी तो पळून ५८ यार्ड आणि एक टचडाउन घेऊन गेला. वेगवान म्हणून त्याची ख्याती कधीच नव्हती.

लाँगहॉर्न_सातारा

अनुमोदन. नवखी, भाचा कोणत्या भागात आहे ते निरोपात कळवा, इकडे उन्हाळ्यात क्यूबींची शिबिरं भरतात, माहिती देतो.

मूळ वादावर शेवटचं: मी अजूनही म्हणेन की दोन क्यूबींचा हात सारखा असेल तर पळणारा घ्या. हात सारखा नसेल तर हात घ्या. टस्कलूसाकरांनी सांगितलेल्या जानेवारीच्या त्या रात्रीनंतर एवढं मला मान्य करावंच लागतं.

कोलंबसकर

मग आमच्या २०२४ च्या हंगामाची फायनल सांगून माझं म्हणणं पुरं करतो. २० जानेवारी २०२५, पुन्हा अटलांटा, नोत्र दाम. त्यांचा रायली लेनर्ड अस्सल पळणारा. पहिलीच ड्राइव्ह १८ प्लेची, पावणेदहा मिनिटं चालली, आणि निम्म्या प्लेंत लेनर्ड स्वतः बॉल घेऊन आमच्या लाइनवर आदळत होता. टचडाउनही त्यानेच केलं. ०-७. पण ड्राइव्ह संपली तेव्हा तो अक्षरशः धापा टाकत होता, आणि त्यानंतर सलग ३१ गुण आमचे.

आमचा विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला. ऑफेन्स चिप केली यांच्या हातात, ज्यांनी ओरेगनमध्ये झोन रीडवर देश गाजवला होता. त्यांनी हॉवर्डला पळवलं, पण मोजून. तिसऱ्या डाउनला तीन-चार यार्ड हवेत, डिफेन्स पासकडे बघतोय, की हॉवर्ड मधून घुसणार. बाकी वेळ पास: पहिले १३ च्या १३ पूर्ण.

मग शेवटी नोत्र दाम ८ गुणांवर आलं. तिसरा डाउन, ११ यार्ड हवेत, तीन मिनिटंही उरलेली नाहीत. सगळ्या गावाला वाटलं आता रन मारून घड्याळ चालू ठेवतील. नोत्र दामने माणसं पुढे आणली, रिसीव्हर जेरेमाया स्मिथवर एकच कॉर्नर (कडेचा बचावपटू) सोडला, आणि हॉवर्डने पन्नासहून जास्त यार्डांचा पास थेट त्याच्या हातात टाकला. फील्ड गोल, ३४-२३.